काट्यापासून कागदापर्यंत : संगणक आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतात कसे



शब्दप्रमाणावरची आमची व्याख्यानं ऐकून एका श्रोत्यानं विचारलं, "सर, कास्तकार कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगच्या भुईकाट्यावर जातो. काट्याच्या खोलीत लाल आकडे दिसतात आणि दोन मिनिटांत हातात पावती पडते. त्या आकड्यापासून पावतीपर्यंत मधे घडतं काय?" प्रश्न आम्हाला फार आवडला. काहींना वाटेल, हा मेकॅनिकला विचारायचा प्रश्न, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला काहून विचारता? पण बघा, ट्रॉली रिकामी झाली आणि कापूस ढिगात मिसळला, की पुन्हा मोजायला काहीच उरत नाही. उरते ती पावती. म्हणजे कास्तकाराच्या हातात फक्त एक 'शब्द' राहतो, आणि तो शब्द काट्याकडून त्याच्यापर्यंत चार-पाच तोंडांतून फिरत आलेला असतो. ही तोंडं कोणती, ते एकमेकांचं ऐकतात कसं आणि कुठे बहिरी होतात, एवढंच आज बघू.

काट्याच्या लोखंडी फळीखाली लोडसेल असतात. वजनानं त्यांच्यातला विजेचा रोध किंचित बदलतो आणि खोलीतला इंडिकेटर त्यावरून आकडा तयार करतो. तो आकडा एका तारेनं संगणकात जातो, संगणक त्यातून ट्रॉलीचं रिकामं वजन वजा करतो आणि दुसऱ्या तारेनं प्रिंटरला सांगतो, छाप. आपला विषय या दोन तारा.

संगणकाच्या पोटात एक अक्षर म्हणजे आठ बिट, आणि ते आठही एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात. बाहेर मात्र लांबपर्यंत आठ-आठ तारा ओढणं महाग पडतं, म्हणून त्यांना एकामागे एक रांगेत लावून एकाच तारेवरून पाठवतात. याला सिरियल म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला मूर्तिजापूर पुरे. तिथे मुंबई-नागपूरची ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि अचलपूर-यवतमाळकडे पूर्वी धावणारी आपली शकुंतला, अंतर ७६२ मिलिमीटर. कापसाच्या गाठी तशाच पुढे जाऊ शकत नव्हत्या. इकडून उतरवा, तिकडे चढवा. रुंद रस्त्यावरचा माल अरुंद रस्त्यावर नेताना मधे हमाल लागतोच. संगणकातला सिरियल पोर्ट हा असा हमाल. तो एकेक बिट मोजून पलीकडे देतो आणि पलीकडचा हमाल ते परत आठाच्या ओळीत रचून ठेवतो.

आता अडचण बघा. तारेवर फक्त विजेचा दाब असतो, कधी उणे तर कधी अधिक. अमेरिकेत १९६० साली ठरलेल्या आणि १९६९ च्या सुधारणेनंतर जगभर रुळलेल्या आरएस-२३२ या मानकात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे 'एक' आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे 'शून्य'. पण समजा तार बराच वेळ उणेच राहिली. मग ते तीन 'एक' झाले की तीस? ऐकणाऱ्याला कळणार कसं? उत्तर एकच, दोघांनी वेळ आधी ठरवून घ्यायची. ९६०० चा वेग ठरला, तर एका बिटाचा वाटा सेकंदाचा ९६०० वा भाग. प्रत्येक अक्षराआधी एक सुरुवातीचा बिट, मग आठ बिट अक्षराचे, मग एक थांब्याचा. एकूण दहा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. सुरुवातीचा बिट आला की ऐकणारा आपलं घड्याळ लावतो आणि दहा बिट होईपर्यंत त्याच घड्याळावर चालतो. दोघांच्या घड्याळात शेकडा पाचच्या आसपास फरक पडला, की शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात.

आमच्या नैयायिकांनी वाक्याचा अर्थ लागायला तीन गोष्टी सांगितल्या. आकांक्षा, म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा हवी. योग्यता, म्हणजे अर्थ जुळायला हवा. विस्तवानं शेत शिंपा, असं म्हणून चालत नाही. आणि सन्निधी, म्हणजे शब्द वेळेनं जवळजवळ यायला हवेत. एक शब्द सकाळी बोललात आणि दुसरा दुपारी, तर ऐकणाऱ्याच्या मनात वाक्य तयार होत नाही. संगणकाची तार त्यांच्या स्वप्नातही नव्हती, पण सिरियल तार बिघडते ती बहुतेक वेळा या तिघांपैकी एकानं. वेग चुकला, तर सन्निधी गेली आणि कागदावर किडे-मुंग्या उमटतात. आणि वेग बरोबर असूनही कचरा येत असेल, तर?

इथे थोडं थांबू, कारण हे काम येणारं आहे. पुष्कळ इंडिकेटर अक्षर सातच बिटांचं पाठवतात आणि आठवा बिट राखणदार म्हणून ठेवतात. त्याला पॅरिटी म्हणतात. सम पॅरिटी असेल तर अक्षरातले 'एक' मोजायचे आणि ते विषम असले, तर राखणदारानं स्वतः 'एक' होऊन संख्या सम करायची. आता संगणकाला मात्र आपण सांगून ठेवलं की आठही बिट अक्षराचेच आहेत. एकूण बिट दोन्हीकडे दहाच, त्यामुळे गाडी रुळावरून घसरत नाही. पण मजा अशी होते की ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलत्याच खुणा. पहिल्या पाचांत 'एक' सम आहेत, दुसऱ्या पाचांत विषम. काट्याच्या आकड्यात काही अंक बरोबर आणि काही विचित्र दिसले, की केबल बदलायला धावू नका. सेटिंगमध्ये सात बिट आणि सम पॅरिटी करून बघा.

हा राखणदार किती कामाचा? आठचा आकडा तारेवर ०१११००० असा असतो आणि शून्य ०११००००. फरक एका बिटाचा. कुठे मोटार सुरू झाली, तारेत झटका आला आणि तो एक बिट पडला, तर ६८४० किलोचे ६०४० होतात. आठ क्विंटल कापूस हवेत! पॅरिटी असेल तर संगणक म्हणतो, हे अक्षर खोटं आहे. पॅरिटी नसेल तर तो मुकाट्यानं ६०४० लिहून घेतो, कारण ६०४० हाही एक अगदी सभ्य आकडा आहे. मात्र एकाच अक्षरात दोन बिट पडले तर राखणदारही फसतो. म्हणून बरे इंडिकेटर आकडा पुन्हा-पुन्हा पाठवत राहतात, काही तर वजन स्थिर झालं की नाही याचीही खूण सोबत देतात. चांगलं सॉफ्टवेअर स्थिरतेची खूण बघतं, सलग काही वाचनं सारखी आली तरच आकडा उचलतं. आमच्या मते, काट्याचं सॉफ्टवेअर घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच. रंगीत स्क्रीन नंतर.

आता प्रिंटरची तार. नऊ पिनांच्या जोडणीत संगणकाची २ नंबरची पिन ऐकण्याची, ३ नंबरची बोलण्याची, ५ नंबरची जमीन. आरएस-२३२ मुळात संगणक आणि मोडेम यांच्यासाठी बेतलेलं, तिथे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानासमोर येईल अशी व्यवस्था. पण प्रिंटर बनवणाऱ्यांनी बऱ्याचदा प्रिंटरलाही संगणकासारखंच मानलं. मग सरळ केबल लावली की तोंडासमोर तोंड आणि कानासमोर कान. दोघंही शुद्धीवर, दोघंही गप्प. अशा वेळी २ आणि ३ ची अदलाबदल केलेली क्रॉस केबल लागते. संगणकाचा पोर्ट जिवंत आहे की नाही हे बघायचं असेल, तर केबल काढा, पोर्टच्या २ आणि ३ एका तारेनं जोडा आणि टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये काही टाइप करा. स्वतःचंच बोलणं परत दिसलं, तर दोष पुढे आहे.

त्याहून खोडकर दोष वेगाचा. संगणक सेकंदाला ९६० अक्षरं पाठवतो, साधा डॉट मॅट्रिक्स छापतो समजा २४०. उरलेली ७२० प्रिंटरच्या स्मृतीत साठतात. ती समजा ८ हजार अक्षरांची आहे, तर अकरा-साडेअकरा सेकंदांत भरली. तेव्हा प्रिंटरला 'थांब रे भाऊ' म्हणता यायला हवं. त्याच्या दोन रीती. एक, वेगळ्या तारेवरचा दाब बदलायचा. दुसरी, उलट दिशेनं एक ठरलेलं अक्षर पाठवायचं, १९ क्रमांकाचं थांबण्यासाठी आणि १७ क्रमांकाचं पुन्हा सुरू करण्यासाठी. आता प्रिंटर तारेवरून खुणावतोय आणि संगणक अक्षराची वाट बघतोय, तर? पंधरा ओळींच्या पावतीत काहीच कळत नाही, कारण स्मृती भरतच नाही. सगळा हंगाम सुरळीत जातो. शेवटी हिशेबाचा लांबलचक अहवाल छापायला घेतला, की पहिली दोन पानं स्वच्छ आणि तिसऱ्यापासून ओळी गायब. लोक प्रिंटरला शिव्या देतात, रिबन बदलतात. खरं तर दोघांमध्ये थांबण्याची खूणच ठरलेली नसते.

(श्रोत्यांतून प्रश्न : सातबारा मराठीत छापून मिळतो, मग काट्याची पावती इंग्रजीत का?)

वा! याचं उत्तर त्या तारेतच आहे, निदान अर्धं तरी.

जुन्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे छाप असायचे, देवनागरीचे बहुधा नसायचे. इंग्रजी 'ए' साठी एक बाइट पाठवला की काम झालं. मराठीसाठी प्रत्येक ठिपका पाठवावा लागे. हिशेब करू. नऊ सुयांचा प्रिंटर, एका बाइटमध्ये आठ ठिपक्यांचा एक उभा स्तंभ, इंचाला १२० स्तंभ, कागद आठ इंच. म्हणजे सुयांच्या एका फेरीला ९६० बाइट, आणि ९६०० च्या तारेवर त्याला लागतो पूर्ण एक सेकंद. वर वेलांटी, खाली उकार. मराठीची एक ओळ दोन-तीन फेऱ्यांत होते. पंधरा ओळींची पावती पाठवायला अर्धा-पाऊण मिनिट. तीच इंग्रजीत, ओळीला ८० अक्षरं धरली तरी सव्वा सेकंद. बाहेर ट्रॉल्यांची रांग, मापारी ओरडतोय, तिथे मराठीचा अभिमान किती वेळ टिकणार?

यावर उपाय निघाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं जिस्ट तंत्र होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक होतं, त्याची १९९१ ची आवृत्ती आजही भारतीय मानक म्हणून नोंदलेली आहे. इस्कीत इंग्रजी अक्षरं खालच्या १२८ जागांत आणि देवनागरी वरच्या १२८ मध्ये. वरची जागा म्हणजे आठवा बिट 'एक'. आणि तार सात बिटांवर लावलेली असेल, तर? तो आठवा बिट रस्त्यातच गळतो. मग 'कापूस' मधला क होतो तीनचा आकडा, काना होतो इंग्रजी झेड, प होतो एच, दीर्घ उकार होतो टोपीसारखी खूण आणि स होतो डब्ल्यू. असा कागद कुणाला दाखवला तर तो म्हणेल व्हायरस आला. व्हायरस-बियरस काही नाही, एका बिटाची जागा कमी पडली. अख्खी भाषा त्या आठव्या बिटावर उभी होती, मंडळी.

आता युनिकोड आलं. त्याच्या रोजच्या वापरातल्या रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं. हे बाइट तसेच जुन्या प्रिंटरवर सोडले तर 'क' च्या जागी आधी ग्रीक अल्फा उमटतो, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन. देवनागरीचं कुठलंही अक्षर घ्या, सुरुवात अल्फानंच. पानभर अल्फा-अल्फा दिसले, की समजायचं, मराठी मजकूर प्रिंटरला न समजणाऱ्या रूपात थेट पाठवला गेलाय. तो विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्र म्हणून गेला असता तर नीट छापला असता. सातबारा नीट येतो तो असाच. आणि आज केबल यूएसबीची किंवा नेटवर्कची असते, तिथे तारेच्या वेगाची सबब चालत नाही. सुयांच्या फेऱ्या जास्त होतात हे खरं, पण काही सेकंदांचा प्रश्न आहे. पावती इंग्रजीत येते ती आता सवयीनं, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून. ज्याच्या मालाची पावती त्याला ती वाचता येऊ नये, याला आम्ही तांत्रिक अडचण म्हणायला तयार नाही.

मधल्या काळातल्या पॅरलल केबलबद्दल फार बोलत नाही. प्रिंटरकडे ३६ पिनांची जाड जोडणी, संगणकाकडे २५ पिनांची, आठ बिट आठ तारांनी, जवळच्या जवळ उत्तम. यूएसबीनं तिला घरी बसवलं. यूएसबी-सिरियलच्या छोट्या डबीबद्दल एकच सांगतो. ती एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज बरेचदा तिला नवा कॉम क्रमांक देतं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकाच्या दारात उभं राहतं. सकाळी झाडू मारणाऱ्यानं केबल हलवली आणि काटा 'बंद पडला', याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

अंतराचं काय? आरएस-२३२ चं अंतर पन्नास फूट, म्हणजे पंधराएक मीटर धरतात. काटा गेटाजवळ आणि ऑफिस आवाराच्या पार पलीकडे असेल तर आरएस-४८५ वापरतात. त्यात एका तारेचा दाब जमिनीशी न मोजता जोडीतल्या दोन तारांमधला फरक मोजतात. बाहेरचा झटका दोन्ही तारांना सारखाच बसतो, फरक तसाच राहतो. त्यामुळे कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत मजल जाते. एक मात्र लक्षात ठेवा. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे विजा कडाडतात तेव्हा तो फरक तारेतून वाट काढतो आणि पोर्ट जाळतो. मधे प्रकाशानं निरोप पोचवणारा आयसोलेटर बसवावा. पोर्टपेक्षा तो स्वस्त पडतो.

आता नेटवर्क. सिरियल तारेत पलीकडे कोण आहे हा प्रश्नच नसतो, तार जिथे जाते तोच ऐकणारा. नेटवर्क म्हणजे बाजारातली हाक. नाव घ्यावं लागतं. प्रिंटरला पत्ता मिळतो, घरगुती जाळ्यात बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा, आणि त्या पत्त्यावर दार क्रमांक ९१००. तिथे जे बाइट सोडाल ते प्रिंटर छापू लागतो. जुनी एलपीडी पद्धत ५१५ क्रमांकाच्या दारावर, नवी आयपीपी ६३१ वर. आणि सन्निधीचं काय झालं? नेटवर्कमध्ये मजकूर तुकड्यांनी जातो, तुकडे मागेपुढे पोचतात. म्हणून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, हरवलेला परत मागवला जातो. लांबलेल्या पत्राची पानं वेगवेगळ्या टपालानं आली तरी पान क्रमांकावरून लावून घ्यावीत, तसं. वेळेचं बंधन गेलं, त्याची जागा क्रमांकानं घेतली. आम्हाला हा बदल फार मोठा वाटतो, पण त्याबद्दल पुन्हा कधी.

व्यवहारात छळणारी गोष्ट वेगळीच. पत्ता वाटणारा असतो राउटर, आणि तो पत्ता भाड्यानं देतो. वीज गेली, आली, सगळी यंत्रं पुन्हा उठली आणि प्रिंटरला काल शेवटी २० होता तिथे आज २३ मिळाला. संगणक २० ला हाका मारतोय. स्क्रीनवर 'ऑफलाइन'. प्रिंटर तर समोर दिवा लावून बसलाय! अशा वेळी प्रिंटरच्याच बटणांवरून त्याच्या सेटिंगचं पान छापा, त्यावर आजचा पत्ता असतो. मग राउटरमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरच्या नावानं कायमचा राखून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यानं दर पावसाळ्यात तोच तमाशा.

अमरावतीच्या ऑफिसातून अकोल्याच्या प्रिंटरवर पावती काढता येईल का? येईल. शंभरेक किलोमीटर नेटवर्कला काहीच नाही. पण १९२.१६८ चे पत्ते गल्लीतल्या हाकेसारखे, गावाबाहेर चालत नाहीत. काही जण राउटरमध्ये ९१०० चं दार थेट इंटरनेटला उघडतात. तसं करू नका. त्या दारावर कोण आलं हे प्रिंटर विचारत नाही. जगातला कुणीही तुमच्या कागदावर काहीही छापेल. दोन्ही ऑफिसांमध्ये व्हीपीएन करून घ्या. आणि अजून एक. संगणक 'छापलं' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'पाठवलं' एवढाच असतो. अकोल्यात कागद अडकला की रिबन वाळली, हे अमरावतीला कळेलच असं नाही.

तरी डॉट मॅट्रिक्स जात का नाही? कार्बनसाठी. सुया कागदावर आपटतात, म्हणून कास्तकाराची, अडत्याची आणि ऑफिसची अशा तिन्ही प्रती एकाच ठोक्यात निघतात. लेझर तीन कागद छापेल, पण ते तीन वेगळे छापलेले कागद. एकाच ठोक्याच्या तीन प्रतींमध्ये आकडा बदलणं अवघड, हे बाजाराला शास्त्र न शिकता कळलंय.

(श्रोत्यांतून प्रश्न : काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा वेगळा आला, तर खरा कोणता मानायचा?)

वैधमापनवाले तपासून शिक्का मारतात तो काट्याला. काट्यानं वजन अनुभवलंय, संगणकानं ते ऐकलंय आणि प्रिंटरनं ऐकलेलं सांगितलंय. म्हणून आधी काट्याकडे जायचं. ट्रॉली फळीवर आहे तोवरच लाल आकडा स्वतः वाचा, मोबाइलवर फोटो काढा, पावतीशी ताडून बघा आणि फरक असेल तर तिथेच पुन्हा वजन करून मागा. भरलेल्या ट्रॉलीचं करा, तसंच रिकाम्या ट्रॉलीचंही करा, कारण वजाबाकीतला दुसरा आकडा अनेकदा संगणकात जुनाच पडून असतो.